रेघेला केस फुटतात तेव्हा: पावसाळ्यातल्या इंकिंगची दुरुस्ती

दिवाळी अंकातली हास्यचित्रं आषाढ-श्रावणात काढली जातात. जूनच्या शेवटी संपादकांचा फोन येतो, ऑगस्टच्या मध्याला चित्रं हातात हवी असतात. मधल्या दीड महिन्यात इथे रत्नागिरीत डब्यातले पापडसुद्धा मऊ पडतात, मग कागदाचं काय घेऊन बसलात.

माझी तक्रार दरवर्षी तीच असायची. मे महिन्यात काढलेली रेघ तारेसारखी स्वच्छ. जुलैत तोच टाक, तीच दौत, तोच हात, आणि रेघ सुरवंटासारखी केसाळ. दोन्ही बाजूंनी बारीक तंतू बाहेर आलेले. डोळ्याचा ठिपका दिला की त्याची माशी व्हायची. पेन्सिलीत हसणारा माणूस शाईत आजारी दिसायचा.

तीन पावसाळे मी हत्यारं बदलत राहिले. टाकासाठी इंग्रजी 'जी' नावाची निब झाली, बारीक क्रोक्विल निब झाली, पिगमेंट लायनरचा (ठरावीक जाडीच्या टोकाच्या पेनांचा) अख्खा संच झाला, जपानी ब्रशपेन झालं. तिसऱ्या वर्षी वैतागून टॅब्लेट घेतला. त्याचंही पुढे सांगते, कारण तिथेही हे केस माझ्या मागे आले. चौथ्या वर्षी एकदा चुकून टाक घेऊन विजेच्या बिलाच्या पाठीवर रेघ मारली आणि ती कोरीव आली. चाळीस रुपयांच्या जाड कागदावर फुटणारी शाई फुकटच्या बिलावर फुटत नव्हती. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की आपण तीन वर्षं भलत्याच आरोपीला पकडून बसलोय.

आधी भिंग घ्या

"रेघ बिघडली" या एका वाक्यात चार वेगळे आजार लपतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट असतात. दहापट भिंगातून, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन, बिघडलेली रेघ नीट बघा.

रेघेतून बाजूला मुळांसारखे तंतू निघालेले दिसले, तर शाई फुटतेय. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

रेघ मध्येच तुटलीय, शाई थेंबथेंब गोळा होऊन कागदाला चिकटतच नाही असं दिसतंय, तर तो तेलाचा दोष. एकतर निब नवी आहे आणि तिच्यावर कारखान्यातला तेलाचा पातळ थर तसाच आहे, किंवा कागदावर तुमच्या हाताचा घाम आणि तेल बसलंय. नवी निब टूथपेस्टनं घासून धुवा, किंवा जुन्या लोकांसारखी दोन मिनिटं कच्च्या बटाट्यात खोचून ठेवा आणि पुसा. काडीच्या ज्योतीवर धरायचा सल्ला बरेच जण देतात. निब जरा जास्त तापली की पोलादाचा ताण जातो आणि ती मऊ पडते, म्हणून मी ते करत नाही. हातासाठी तळव्याखाली एक कोरा कागद ठेवला की झालं.

रेघ दुपदरी आलीय, दोन कडा काळ्या आणि मध्ये पांढरी फट, तर दाब जास्त आणि शाई कमी. निबेचे दोन पाय फाकतात, त्यांच्यामधला शाईचा पडदा फाटतो. शाई बाटलीत बसून दाट झाली असेल तर दोन-चार थेंब डिस्टिल्ड पाणी घाला. विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी नको, शाईतले काजळीचे कण गोळा होऊन तळाशी बसतात.

आणि रेघ थरथरत असेल तर तो हाताचा, किंवा टॅब्लेटचा, मामला आहे.

इस्त्रीची परीक्षा

शाई फुटतेय हे नक्की झालं की पेनाला हात न लावता आधी ही परीक्षा घ्या. एका कागदाचा अर्धा भाग वाफ न सोडता, मध्यम गरम इस्त्रीनं दोन्ही बाजूंनी फिरवून घ्या. मिनिटभर निवू द्या. मग न थांबता त्याच पेननं, त्याच वेगानं, इस्त्री केलेल्या आणि न केलेल्या भागावरून एक सलग रेघ ओढा. दहा-पंधरा मिनिटं उशीर केलात तर परीक्षा वाया जाते, कारण दमट हवेत सुटा कागद तेवढ्यात पुन्हा पाणी पिऊन बसतो.

इस्त्रीच्या भागात रेघ सुधारली तर दोष फक्त ओलाव्याचा. दोन्हीकडे सारखीच फुटली तर कागदाची खळ गेलेली आहे, किंवा ती कधी नव्हतीच. ठरावीक ठिकाणीच फुटली तर तिथे खोडरबर फिरलेलं आहे किंवा बुरशीनं मुक्काम केलाय.

खळ हा शब्द इथे अगदी नेमका बसतो. कापडाला देतात तशीच कागदालाही खळ असते: काही कागदांत लगद्यातच मिसळलेली, काहींवर वरून स्टार्चची किंवा जिलेटिनची. कागद म्हणजे मुळात वनस्पतीच्या तंतूंचं जाळं आणि प्रत्येक तंतू पाणी ओढायला टपलेला. खळ त्याला आवर घालते, म्हणून टिपकागदावर शाई पसरते आणि ड्रॉइंगच्या कागदावर थांबते. कोरड्या दिवसांत कागदाच्या वजनात साधारण पाच-सहा टक्के पाणी असतं, जुलैच्या हवेत ते दुपटीवर जातं. तंतू फुगतात, शाई लवकर वाळत नाही, आणि न वाळलेल्या शाईला बाजूच्या तंतूंतून फिरायला भरपूर वेळ मिळतो. त्यात स्टार्च आणि जिलेटिन म्हणजे बुरशीचं जेवण. दोन पावसाळे कपाटात पडलेल्या भारी वॉटरकलर कागदाची खळ जागोजागी खाल्लेली असते. वरून काही दिसत नाही, रंग किंवा शाई लावली की डाग उमटतात.

खळ आहे की नाही ते पाण्याच्या थेंबानंही कळतं. आगपेटीच्या काडीनं एक थेंब कागदावर ठेवा. तो मिनिटभर फुगून बसला तर खळ शाबूत. बघता बघता आत गेला आणि मागच्या बाजूला काळपट गोल दिसला, तर त्या कागदावर शाईचं काम नको. जुने कागद बनवणारे याहून झटपट परीक्षा करत: जिभेचं टोक लावायचं. खळ नसलेला कागद जिभेला चिकटतो. मी दुकानात हे एकदा करून पाहिलं. दुकानदाराची मुद्रा अशी झाली की तीच एखाद्या अंकाला द्यायला हवी होती.

ओलाव्यावरचा इलाज एप्रिलमध्ये असतो

दोष ओलाव्याचा निघाला तर यंदापुरती इस्त्री आहेच. पुढच्या वर्षीसाठी मात्र कागद एप्रिल-मेमध्ये घ्या, कोरड्या दुपारी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची दोन-तीन पाकिटं टाका आणि तोंड टेपनं बंद करा. मी दहा-दहा कागदांची वेगळी पाकिटं करते, म्हणजे एक उघडलं तरी बाकीची कोरडी राहतात. नारिंगी रंगाचं सिलिका जेल मिळतं, ते पाणी पिऊन हिरवट झालं की ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा नारिंगी होतं. निळं घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं.

एक चूक मी स्वतः केलेली आहे, ती सांगते. ऐन जुलैत घाबरून सगळा कागद प्लास्टिकमध्ये बंद केला. आत शिरलेला ओलावा आतच कोंडला आणि गणपतीत पिशवी उघडली तेव्हा वास आला. कागद आधी सुकवायचा, मगच बांधायचा.

पूर्वी पेटीवाले आणि कॅमेरेवाले कपाटात पिवळा झिरोचा दिवा लावून ठेवत. ती युक्ती कागदालाही चालते, फक्त दिवा तारेचा हवा. एलईडी इतका थंड असतो की कपाटात नुसता उजेड पडतो आणि बुरशीला वाचायला सोय होते. तारेचा दिवा लावलात तर तो कागदापासून वीतभर लांब ठेवा आणि घराबाहेर जाताना बंद करा. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी ड्राय मोडवर तासभर खोली कोरडी करून मग इंकिंगला बसावं.

फक्त चेहऱ्यावरच शाई फुटते

ही तक्रार माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा आली आणि सर्वांत उशिरा समजली. पाय, खुर्ची, झाड, सगळं ठीक. नाक, डोळे आणि ओठ मात्र केसाळ. मला वाटायचं, चेहऱ्यावर आपला हात बिचकतो. खरं कारण साधं आहे. आपण सर्वांत जास्त खोडतो ते चेहऱ्यावर. भुवई चार वेळा हलवली म्हणजे तिथल्या कागदाची खळ चार वेळा घासली. वरचे तंतू उभे राहतात आणि शाईला पायवाटा मिळतात.

यावर मी दोन गोष्टी करते. पहिली, कच्चं चित्र स्वस्त झेरॉक्स कागदावर वाटेल तितकं खोडून काढायचं आणि लाइटबॉक्सवर ठेवून चांगल्या कागदावर थेट शाईत उतरवायचं. म्हणजे चांगल्या कागदाला खोडरबर लागतच नाही. लाइटबॉक्स नसेल तर काचेच्या टीपॉयखाली दिवा ठेवा. खिडकीच्या काचेवर चिकटवून ट्रेस करायची पद्धत पावसाळ्यात निकामी, चार वाजताच अंधारून येतं.

दुसरी, चांगल्या कागदावरच खोडावं लागलं तर तो भाग घोटायचा. वर एक गुळगुळीत कागद ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं किंवा काचेच्या गोटीनं गोल गोल दाबत फिरवा. उभे राहिलेले तंतू पुन्हा झोपतात. ही माझी अक्कल नव्हे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद बनतोय, आणि बोरूनं लिहायचा देशी कागद आधी खळ देऊन मग गुळगुळीत दगडानं घोटून घेत. बोरूची शाई काजळ आणि डिंकाची, आपल्या ड्रॉइंग इंकचीच सख्खी बहीण. त्या लोकांना जे ठाऊक होतं ते मी तीन वर्षं आणि बरेच पैसे घालवून शिकले.

डिंकावरून आठवलं. शाई थोडी अधिक दाट केली तरी फुटणं कमी होतं. बाभळीचा स्वच्छ डिंक पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या आणि छोट्या दौतीत काढलेल्या शाईत त्याचे दोनच थेंब घाला. अख्ख्या बाटलीत नको, आणि फाउंटन पेनात तर मुळीच नको. बऱ्याच जलरोधक ड्रॉइंग इंकमध्ये लाख असते, ती पेनाच्या नळीत वाळली की पेन गेलंच समजा. उलट फाउंटन पेनाची शाई टाकात घेऊन चित्र काढलंत तर ती बहुधा पाण्यात विरघळलेल्या रंगाची, पातळ आणि कागदात चटकन शिरणारी असते. कोरड्या दिवसांतही ती जरा केसाळच येते.

खळ पूर्ण गेलेल्या कागदाला घरी नवी खळ देता येते. शंभर मिलिलिटर कोमट पाण्यात दोन ग्रॅम जिलेटिन विरघळवून रुंद ब्रशनं एकच हात फिरवायचा आणि सुकवायचं. जपानमध्ये सरसात तुरटी घालून असंच करतात. तुरटीनं शाई पक्की थांबते, पण कागद आम्लधर्मी होऊन पुढे पिवळा पडतो. छापून झालं की चित्राचं काम संपणार असेल तर चालेल. मी मात्र हा उद्योग एकदाच केला. जुलैत जिलेटिन लावलेला कागद सुकायला दोन दिवस लागले, तेवढ्यात नवा कागद घेऊन आले असते.

मग पेनाला काहीच अर्थ नाही का?

आहे, पण नंतर. कागद ठीक झाला की हत्यारांचे स्वभाव खरे कळायला लागतात. अर्धवट दमट कागदावर काम करायची वेळ आलीच, तर कोण कसं वागतं ते अनुभवानं सांगते.

टाक सर्वांत चिडका. ओलसर कागद मऊ असतो, निबेचं टोक त्यात रुततं, एखादा तंतू दोन पायांमध्ये अडकतो आणि पुढची रेघ अचानक झाडूसारखी येते. पाच-सहा रेघांनंतर निब फडक्यानं पुसत राहायचं. काम संपल्यावर धुऊन कोरडी करायची, नाहीतर सकाळी गंज. बारीक निब सोडून जरा जाड, कमी टोचणारी घेतली तर त्रास निम्मा होतो.

पिगमेंट लायनर टोचत नाही, पण थांबलात की ठिपका वाढत जातो. रेघेच्या शेवटी पेन उचलायची सवय लावावी लागते. आणि त्यावरचे आकडे फसवे असतात. पिग्मा मायक्रॉनवर ०१ लिहिलेलं असतं, त्याची रेघ ०.२५ मिलिमीटरची. ०५ म्हणजे ०.४५. चित्र निम्म्या आकारात छापलं जाणार असेल तर ०१ची रेघ ०.१२ वर येते आणि साध्या छपाईत तिचा भरवसा नाही. दिवाळी अंकासाठी मी ०३च्या खाली जात नाही.

नवल म्हणजे पावसाळ्यात सर्वांत समजूतदार निघाला तो ब्रश, ज्याला मी सर्वांत जास्त घाबरत होते. तो कागदाला ओरखडतच नाही. फक्त शाई कमी घ्यायची: बुडवला की दौतीच्या कडेला आणि मग टिपकागदाला टेकवायचा. दोन किंवा तीन नंबरचा, टोक नीट जुळणारा ब्रश पुरतो. सिंथेटिकचं टोक काही महिन्यांत वाकतं, पण किंमत बघता तक्रार नाही. मुंगसाच्या केसांचे म्हणून कोणी ब्रश विकत असेल तर घेऊ नका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो व्यापारच गुन्हा आहे. ब्रश धुतल्यावर ओला असताना टोपण लावू नका, आत बुरशी येते.

पावसाला दोष देऊन हत्याराबद्दल कुरकुर करावीशी वाटली की मी दोन माणसं आठवते. आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईत बसून वर्षानुवर्षं रोजच्या अंकाला ब्रशची ती सळसळती जाड-बारीक रेघ दिली. आणि मारिओ मिरांडा, लोटलीसारख्या गोव्यातल्या गावचा माणूस, बारीक पेनाच्या जाळीदार रेघांनी अख्खी गर्दी भरायचे. एक ब्रशचा, एक पेनाचा, आणि दोघांच्या खिडकीबाहेर तोच पाऊस.

टॅब्लेटवरही केस

टॅब्लेट घेतला तेव्हा वाटलं, कागदच नाही तर फुटणार काय. पहिल्याच पावसात तीन गोष्टी झाल्या.

घामट तळवा काचेवर टेकला की नको तिथे रेघा उमटायला लागल्या. इलाज सोपा: ॲपच्या सेटिंगमध्ये बोटानं चित्र काढणं बंद करा, फक्त पेन चालू ठेवा, आणि दोन बोटांचा ड्रॉइंगचा हातमोजा घाला. जुन्या सुती मोज्याची तीन बोटं कापली तरी तोच मोजा होतो.

दुसरं, रेघ थरथरू लागली. सावकाश काढलेली तिरकी रेघ बारीक लाटांसारखी येत असेल तर तो बऱ्याचदा तुमच्या हाताचा दोष नसतो. पेन कुठे आहे याचा टॅब्लेटचा अंदाज किंचित मागेपुढे होतो आणि सावकाश गतीत ते दिसतं. एक फूटपट्टी ठेवून तिच्या कडेनं सावकाश रेघ ओढा. तरीही लाट आली तर दोष यंत्राचा. ड्रॉइंगच्या ॲपमध्ये रेघ सावरणारी सोय असते: क्रितामध्ये स्टॅबिलायझर, प्रोक्रिएटमध्ये स्ट्रीमलाइन. ते चालू करा, पण थोडंच. मी ते एकदा पूर्ण वर नेलं आणि माझी सगळी माणसं एखाद्या बँकेच्या जाहिरातीतल्यासारखी गुळगुळीत झाली. म्हाताऱ्याच्या गुडघ्याला जो कोपरा हवा तोसुद्धा गोल. स्टॅबिलायझर वाढवण्यापेक्षा रेघ मनगटाऐवजी खांद्यातून, जरा वेगानं ओढणं जास्त कामी येतं.

तिसरं प्रकरण छापून आल्यावर कळलं. पडद्यावर स्वच्छ असलेल्या रेघेला अंकात लाल-निळे केस! मी काळा रंग पडद्याच्या आरजीबीमध्ये (लाल-हिरवा-निळा या पद्धतीत) दिला होता. छपाईसाठी रूपांतर होताना त्या काळ्याचे चार शाईंत भाग पडले आणि छपाईच्या चार प्लेटा केसभर इकडेतिकडे बसल्या. इलाज: रेघेचा थर वेगळा ठेवायचा आणि त्यात काळा म्हणजे फक्त के (छपाईची काळी शाई) शंभर टक्के, बाकी तिन्ही शाया शून्य. नुसत्या रेघांचं चित्र असेल तर सहाशे डीपीआयवर (इंचाला सहाशे ठिपके), रंग न ठेवता द्यायचं. संपादकांना पाठवण्याआधी फाइलमधल्या एखाद्या रेघेवर आयड्रॉपर (रंगाचे आकडे दाखवणारं हत्यार) टेकवून आकडे बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

फुटली आहेच, आणि उद्या द्यायचंय

चित्र सहाशे डीपीआयवर, ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. फुटलेले तंतू बहुधा रेघेपेक्षा फिके असतात, त्यामुळे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या लेव्हल्समध्ये पांढरी बाजू आत सरकवली की बरेचसे उडतात. तंतू रेघेइतकेच काळे असतील तर मात्र हे चालत नाही. जाड कागद असेल तर पूर्ण वाळल्यावर नव्या ब्लेडनं, पातं जवळजवळ आडवं धरून, हलक्या हातानं खरवडा आणि चमच्यानं घोटा. तिथे पुन्हा शाई लावायची झाली तर फक्त लायनर, टाक नको. पोस्टरच्या पांढऱ्या रंगानं कडा झाकता येतात, पण त्या रंगावर पुन्हा शाई दिलीत तर ती हमखास फुटते.

आणि चेहराच गेला असेल तर ठिगळ लावा. इस्त्री केलेल्या कोऱ्या तुकड्यावर तो एकच चेहरा नव्यानं काढायचा, मानेच्या किंवा कॉलरच्या रेघेवरून कापायचा आणि जुन्यावर चिकटवायचा. तुकड्याच्या कडेची सावली स्कॅनमध्ये आली तर लेव्हल्समध्ये जाते. माझ्या एका मुखपृष्ठावरच्या पाच माणसांपैकी तिघांची डोकी अशी नंतर बसवलेली आहेत. मूळ चित्र उन्हात तिरकं धरलं की तिघांच्याही गळ्याभोवती कात्रीची कड दिसते.